आवाज बंद असतानाची रेघ

वसंतकाका ही गोष्ट बिजली गेल्यावरच सांगतात, आणि सुरू करण्याआधी दर वेळी बजावतात, "त्या दिवशी अमावस्या दुपारीच संपली होती. उगीच तिच्यावर ढकलू नका."

तेवीस डिसेंबर २००३, मंगळवार. काकांचा दोस्त नंदकुमार तेव्हा बऱ्हाणपुरात, शनवाऱ्याजवळच्या एका दवाखान्यात कान तपासायचा. तपासायचं मशीन महिन्यातून दोनच दिवस खंडव्याहून यायचं आणि तिसऱ्या सकाळी परत जायचं. डॉक्टर निघताना म्हणाले होते, "देडतलाईचं एक पोरगं राहिलंय. आज रात्री उरकून टाक. तीन वर्षांच्या आत कानाला यंत्र बसलं तर बोलायला लागेल. अडीचचा झालाय."

"ते मशीन करतं काय पण?" काकांच्या पुतण्याला, यादवला, मध्येच तोंड घालायची खोडच आहे.

"मोठ्या माणसाला विचारता येतं, भाऊ, आलं का ऐकू? एवढंसं पोर काय सांगणार? म्हणून त्याला झोपवायचं. कपाळाला आणि कानांमागे तारा चिकटवायच्या, कानांवर हेडफोन. त्यात टक् टक् आवाज सोडायचा. पोर झोपलं तरी डोकं ऐकतं. ऐकलं की पडद्यावरच्या रेघेला टेकड्या येतात. नाही ऐकलं तर रेघ सपाट. त्यात कुणाला खोटं बोलता येत नाही."

"तुम्हाला पण?" अलकानं विचारलं. ही यादवची बहीण. काकांनी गोष्ट पुढे नेली.

दिवसभर लाइन नव्हती आणि इन्व्हर्टरवर रेघा थरथरत. रात्री साडेदहाला लाइन आली. तोवर दगा आणि मालूबाई या आईबापांनी त्या पोराला, लोटूला, पहाटेपासून जागं ठेवलं होतं. ऐन वेळी झोप लागावी म्हणून दवाखान्यानंच तसं सांगितलेलं असतं. बसमध्ये गुदगुल्या, बाकड्यावर गालाला ओलं फडकं... पोर रडून रडून मलूल झालेलं. पलंगावर टेकवलं तसं गाढ झोपलं.

नंदकुमार तारा लावू लागला.

"साहेब, पोऱ्या ऐकतो," मालूबाई म्हणाली.

"हिचं मनावर घेऊ नका," दगा म्हणाला. "मी त्याच्या मागं पत्र्याचा डबा आपटला. मान नही वळवली त्यानं."

"दिवसा नही वळवत. रातचा ऐकतो. झोपेत डाव्या अंगाला वळतो आन हसतो."

"डाव्या अंगाला काय असतं?" नंदकुमारनं सहज विचारलं.

उत्तर दगानं दिलं. "सोजर निजायची. आमची थोरली. आठ वर्सांची. मागच्या सालच्या तापात गेली. यालाही तोच ताप होता."

नंदकुमारला कळायचं ते कळलं. त्या तापानं एकीला नेलं आणि दुसऱ्याचे कान. आणि ही आई वर्षभर यंत्राला नाही म्हणत होती, कारण पोरगं रात्री हसत होतं.

त्यानं आवाज सोडला. रेघ सपाट. वाढवला. सपाट. इतका वाढवला की हेडफोनच्या कडेनं बारीक टक् टक् बाहेर येऊ लागली.

मालूबाई ताडकन उठली. "हे कोण करतंय?"

"मशीन."

"सोजर अशीच करायची. जीभ टाळूला लावून. केळीच्या बागेत याला झोळीत निजवताना."

नंदकुमारनं दोघांना बाहेर बसवलं. आत हालचाल नको होती. तसं आता काही उरलंही नव्हतं. दोन्ही कान गेलेले. फक्त शेवटची एक रीत. आवाज पूर्ण बंद करून एक रेघ काढायची. ती सपाटच येते. म्हणजे मशीन ठीक आहे, असं कळतं.

अकरा वाजून वीस मिनिटं. त्यानं आवाज बंद केला. बटण दाबलं.

डाव्या कानाच्या रेघेला टेकडी आली.

मग दुसरी... मग तिसरी. पाच. स्वच्छ. पुस्तकात छापतात तशा.

त्यानं तारा तपासल्या. पंखा बंद केला. मोबाइल बंद केला. हेडफोन काढून टेबलावर ठेवले. पुन्हा बटण दाबलं.

पाच टेकड्या. डावा कान.

"मशीन सेकंदाला अकरा वेळा टिपतं," काका हळू आवाजात म्हणाले. "टेकड्या यायच्या तर कुणीतरी अगदी त्याच ठेक्यात आवाज करायला हवा. एकदाही न चुकता. माणसाच्या जिभेला जमत नाही ते..."



खोलीत काहीच ऐकू येत नव्हतं. लोटू झोपेतच डावीकडे वळला.

हसला.

छोट्या छपाईयंत्रातून कागदाची पट्टी बाहेर आली. नंदकुमारच्या मनात आलं, ही आईनं पाहिली तर यंत्र कधीच बसणार नाही. पोर जन्मभर मुकं राहील. हसत राहील, पण मुकं.

पलंगाच्या डाव्या बाजूला कुणी नव्हतं. तो तिकडेच बघून म्हणाला, "सोजर... पोरी. त्याला आईचंही ऐकू दे."

टेकड्या तशाच.

"एकटीनं किती दिवस बोलशील त्याच्याशी?"

...

पलंग करकरला. कुणी हलकेच उतरावं तसा.

रेघ सपाट झाली.

बाहेर मालूबाई दारालाच उभी होती. "निघालं काही?"

"नाही," नंदकुमार म्हणाला. पट्टी त्याच्या खिशात होती. "दोन्ही कानांनी ऐकत नाही. यंत्र लावा."

तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग पदर खोचला. "लावा."

होळीच्या आधी यंत्रं बसली. दिवाळीला लोटू "आई" म्हणाला. पेढे द्यायला आलेली मालूबाई जाता जाता दारात थांबली. "आता झोपेत वळत नही," एवढंच म्हणाली.

काकांनी खिशातून पुडीत गुंडाळलेली ती पट्टी काढली. नंदकुमारला मुलगी झाली त्या वर्षी त्यानं ती आणून दिली होती. लेकरू असलेल्या घरात नको म्हणाला.

"हा उष्णतेनं छापायचा कागद," काका म्हणाले. "दोन-तीन वर्षांत कोरा होतो. सगळेच होतात."

अलकानं टॉर्च धरला. नाव उडालं होतं. तारीख उडाली होती. उजव्या कानाची रेघ बोटानं चाचपूनही सापडत नव्हती.

डाव्या कानाची मात्र काळीभोर होती. पाच टेकड्या. आत्ताच छापल्यासारख्या.