अमझेऱ्याचा थांबा

यात मी एकही शब्द वाढवलेला नाही. उलट एक-दोन गोष्टी गाळल्यात, कारण त्या लिहायला घेतल्या की हात थांबतो.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. देवास, मे २००९, भर दुपार.

मी अक्षदा. तेव्हा ए.बी. रोडवर एका मेडिकलच्या वरच्या खोलीत बसून लोकांच्या वेबसाइटच्या जाहिराती सांभाळायचे. जाहिरात टाकायची, मग ॲनालिटिक्स उघडून बघायचं की लोक कुठून आले, काय शोधलं, कुठल्या पानावरून निघून गेले. त्यावरून जाहिरात बदलायची. चार गिऱ्हाइकं, एक कॉम्प्युटर आणि रोज जाणारे लाइट. त्या उन्हाळ्यात मी इतकी थकले होते की जेवताना डुलकी लागायची.

एक गिऱ्हाईक म्हणजे यशवंतराव. त्यांची बस रोज दुपारी तीनला देवासहून सरदारपूरला जायची. त्यांच्या मुलाने, अंशुलने, सीट बुक करायची साइट काढली होती. पैसे गाडीत द्यायचे. लोक साइटवर यायचे, पण बुक न करताच जायचे. ते का, हे मला शोधायचं होतं.

रिपोर्टमध्ये एक गोष्ट दिसली.

रोज दुपारी दोनच्या तासात कोणीतरी एकजण यायचं. सतरा नंबरची सीट निवडायचं. मग थांब्यांच्या यादीत शोधायचं... अमझेरा.

यादीत अमझेरा नव्हतं. बस तिथूनच जायची, पण थांबत नव्हती.

पुन्हा अमझेरा.

पुन्हा अमझेरा.

एका दिवशी मी मोजलं. एकेचाळीस वेळा. तीन वाजल्यावर, म्हणजे बस सुटल्यावर... काही नाही.

बाकीच्यांच्या गावाच्या रकान्यात इंदूर, नाहीतर भोपाळ लिहिलेलं असायचं. याच्यापुढे 'नॉट सेट'. म्हणजे कुठून आलं ते कळत नाही. तसं होतं कधीकधी. मी फार विचार केला नाही.

यशवंतरावांच्या घरी जाऊन सांगितलं, "काका, अमझेऱ्याला मागणी आहे. थांबा घाला. मी जाहिरातही त्याचीच लावते."

ते म्हणाले, "तो थांबा घालू नका."

"बाबा, आकडे दिसतायत ना," अंशुल म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "ताई, आप डाल दो. इनका तो ऐसा ही है."

मीही ऐकलं नाही. महिना संपत आला होता आणि मला काहीतरी सुधारलेलं दाखवायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी यादीत अमझेरा घातलं आणि जाहिरात बदलली. 'देवास से अमझेरा, सीधी बस.'

दोन वाजून दहा मिनिटांनी बुकिंग आलं.

सीट सतरा. नाव सुमंगला. फोनच्या जागी पाचच आकडे, जुन्या लँडलाइनसारखे.

आमचा फॉर्म दहा आकड्यांशिवाय पुढे जायचाच नाही. मी स्वतः तपासलेला होता...

त्यानंतर रोज. तीच वेळ, तीच सीट, तेच नाव.

चौथ्या दिवशी बसच्या कंडक्टरचा, मारुतीचा फोन आला.

"ताई, हे सतरा नंबर काय आहे? चार्टवर नाव असतं, सीट खाली असते, कोणी बसलेलं नसतं. दुसऱ्याला बसवलं तर तो पाच मिनिटांत उठून उभा राहतो."

"का?"

"म्हणतात, बहुत गर्मी लगती है भिया. बाजूवाल्याला नाही लागत."

मी सतरा नंबरचं बुकिंग पुन्हा उघडलं. मारुती पुढे सांगतच होता.

"आणि अमझेरा आलं की... पत्र्यावर थाप पडते. आतून. मी दाराशी उभा असतो, ताई. मी नाही मारत."

मी परत यशवंतरावांकडे गेले. या वेळी अंशुल घरी नव्हता. मी नुसतं नाव सांगितलं. ते खुर्चीत बसलेच होते, पण अजून खाली गेल्यासारखे वाटले.

"अठ्ठ्याण्णव साल," ते म्हणाले. "गाडी तेव्हा मीच चालवायचो. असाच मे महिना. देवासचीच मुलगी, सासर अमझेऱ्याचं. मला उशीर झाला होता. ती मागून म्हणत राहिली, काका, अमझेरा, अमझेरा. मी थांबलो नाही. पाच किलोमीटर पुढे उतरवली."

"मग?"

"उन्हातून पायी परत निघाली. लू लागली. घरापर्यंत पोचली नाही."

पंखा बंद होता. लाइट गेलेले होते.

"थांबा काढून टाकू का, काका?"

"आता नको," ते म्हणाले. "मारुतीला सांगितलंय मी. रोज थांबव म्हणून. दार उघड आणि जरा वेळ उभा राहा."

मी जाहिरात बंद केली. बुकिंग बंद झालं नाही.

जूनमध्ये कामासाठी सरदारपूरला जायचं होतं. दुसरी बस होती. तरी मी हीच धरली. सतराच्या बाजूला, अठरा नंबरवर बसले. खिडकीकडची सीट रिकामी. माझ्या त्या बाजूच्या हाताला सारखा चटका बसत होता... ऊन दुसऱ्या बाजूला होतं.

अमझेरा आलं.

थाप पडली.

मारुतीने दार उघडलं. कोणी उठलं नाही. सगळे गप्प, जणू रोजची सवय.

आणि मी... माझ्या नकळत गुडघे आत ओढून घेतले. वाट द्यायला.

हाताचा चटका थांबला.

मारुतीने माझ्याकडे बघितलं, मान खाली घातली आणि दार लावलं.

परतीच्या प्रवासात मला वाटत होतं, चला, उतरली. पोचली असेल घरी. किती तरी दिवसांनी मी त्या रात्री नीट झोपले.

दुसऱ्या दिवशी दोन वाजून दहा मिनिटांनी बुकिंग आलं. सीट सतरा.

ते काम मी त्याच महिन्यात सोडलं. पण एक गोष्ट अजून कळलेली नाही. रोज तिथे उतरते... तर मग रोज परत का निघते?