चकचकीत शाफ्ट

गॅरेजात कुणी पॉलिश केलेले बूट घालून येतं का? मी गाडीखाली होते, म्हणून आधी बूटच दिसले. मग वरून आवाज आला, "मिस्त्री आहेत का?"

"मीच. बोला."

बाहेर येऊन बघते तर... असो, दिसायला बरा होता. त्याच्या आजोबांचा जुनापुराणा ट्रक दोरीनं ओढत आणला होता. इंजिनाचा जोर मागच्या चाकांना पोचवणाऱ्या लांब शाफ्टच्या सांध्यांतले क्रॉस पार झिजले होते. काका ट्रक भंगारात काढायला टपलेले, आणि त्या धसक्यानं आजोबांनी जेवण टाकलेलं.

मी क्रॉस बदलायला घेतले. तो रोज यायचा, पाना द्यायचा — बहुतेक वेळा चुकीचाच.

"मोठा मागितला होता मी."

"तुमच्याकडे बघताना पाना कोण बघतं?"

"मग बाहेर बसा."

बसला नाही. मलाही तेच हवं होतं, खोटं कशाला बोलू?

शेवटी आजोबांना आम्हा दोघांच्या मध्ये बसवून मी ट्रक रस्त्यावर काढला. वेग घेतला मात्र, ट्रक असा थडथडायला लागला की स्टिअरिंग धरवेना. गिअरबॉक्स गेला असेल तर संपलंच. त्याचे पार्ट आता कुठेच मिळत नाहीत. ट्रक भंगारात जाणार. आणि हा... हा तरी परत कशाला येईल?

थांबवून खाली शिरले. शाफ्ट काळाभोर, चकचकीत.

"याला रंग कुणी दिला?"

"मी. काल तुम्ही जेवायला गेलात तेव्हा. शाफ्टचे दोन्ही भाग सोडवून छान घासले, रंगवून परत जोडले... म्हटलं, तुम्हाला आवडेल."

"आणि माझी खडूची खूण?"

"ती खूण होती? मला वाटलं, डाग."

"अरे शहाण्या, दोन्ही टोकं एका रेषेत बसावीत म्हणून करतात ती खूण. नाहीतर गाडी अशीच नाचते."

रागवायचं सोडून मी तिथेच पडल्या पडल्या हसत सुटले. इतकं हायसं वाटलं होतं.

शाफ्ट नीट जुळवून बसवला आणि निघालो. ट्रक लोण्यासारखा पळाला. आजोबांनी डोळे पुसले, म्हणाले, "भूक लागली रे."

"आता उद्यापासून... मला यायला कारण नाही," तो त्यांच्या डोक्यावरून माझ्याकडे बघत म्हणाला.

"मग?"

"तू आवडतेस... एवढं कारण पुरेल?"

"मला आधी उतरवा," आजोबा म्हणाले, "मग बोला काय ते."

तेवढा धीर कुणाला होता?

"पुरेल," मी म्हणाले.