तिसरी फीत

तो मला पहिल्यांदा दिसला तेव्हा त्याचा चेहरा वाहून चालला होता.

फेब्रुवारीतली, आमच्याकडच्या भर उन्हाळ्यातली संध्याकाळ होती. कार्निव्हल रंगात आलेला, आणि नेमका पाऊस. मालविन भागातल्या तब्लादोवरचा, म्हणजे उघड्या रंगमंचावरचा, खेळ रद्द झाला, लोक प्लॅस्टिकच्या खुर्च्या डोक्यावर धरून पळाले. मी तोर्ता फ्रीता तळणाऱ्या बाईच्या छपराखाली शिरले. शेजारी हा उभा. निळी भुवई गालावर उतरलेली, लाल ओठ हनुवटीपर्यंत आलेला, आणि हातात गरमागरम तोर्ता.

"रडताय का?" मी विचारलं.

"नाही. निळा रंग रडतोय."

"रंगाला कशाला नावं ठेवता? ज्याने लावला त्याचा हात वाईट आहे."

"मीच लावलाय." त्याने एक घास घेतला. "आमची रंगवणारी मनगट मोडून घरी बसलीय. तुम्हाला येतं का?"

"मी सलूनमध्ये नवऱ्या सजवते."

"मग झालं तर. आमच्याकडे सतरा नवरे आहेत. एकालाही धड उभं राहता येत नाही, पण गातात बरे."

मी हसले. त्याने उरलेली तोर्ता अर्धी करून माझ्यापुढे धरली—त्याच्या बोटांवरचा निळा रंग तिला लागला होता. मी तशीच खाल्ली. का खाल्ली, कोण जाणे...

त्याचं नाव रामिरो. 'ओलं कुत्रं' या मूर्गाची गाणी तो लिहायचा. मूर्गा म्हणजे तोंडं रंगवून गाणारा आमच्या कार्निव्हलचा ताफा. वर्षभर मोठ्या माणसांनी जे काही केलं, त्यावरून त्यांची टोपी उडवायची, हेच त्यांचं काम. दुसऱ्या दिवसापासून मी रोज दुपारी त्यांच्या क्लबात जाऊन सतरा चेहरे रंगवू लागले. रामिरोचा चेहरा शेवटी. तसं मी ठरवलं नव्हतं... म्हणजे, ठरवलं होतं.

"डोळे मिटा."

"मिटले तर तुम्ही दिसणार कशा?"

"मी दिसायला आलेली नाही, रंगवायला आलेय."

तो डोळे मिटायचा. पापण्या मात्र थरथरत राहायच्या, आणि माझा ब्रश उगाचच सावकाश चालायचा. तिसऱ्या दिवशी 'तुम्ही'चं 'तू' झालं. आधी कोण म्हणालं, ते दोघांनाही आठवत नाही.

त्यांचा खेळ मात्र मी पाहिला नव्हता. रोज चेहरे रंगून तयार व्हायचे आणि पाऊस खेळ बुडवायचा. शेवटी तो थांबला आणि पहिल्यांदा मी रंगमंचाच्या मागे उभी राहून ऐकलं. ढोल वाजला, सतरा आवाज एकदम उठले—

*पहिली फीत कापली, टाळ्या झाल्या फार,*
*दुसरी फीत कापली, पुन्हा फुलांचा हार;*
*आत गेलो दाखवायला दुखरा माझा दात—*
*खुर्ची होती, टेबल होतं, डॉक्टर नव्हता आत.*

मी खळखळून हसले. आणि मग हसू एकदम थांबलं. पुढच्या ओळीत त्यांनी फीत कापणाऱ्याला 'डॉन वॉशिंग्टन'—वॉशिंग्टनराव—म्हटलं होतं. डॉन वॉशिंग्टन ऑलिवेरा म्हणजे माझे बाबा.

मागचं सरकार पांढऱ्या पक्षाचं होतं, आणि आमचं घर आजोबांपासून पांढरं. आमच्या वस्तीतलं आरोग्य केंद्र तेव्हा बाबांच्या हाताखाली होतं. वरून हुकूम आला म्हणून त्यांनी एकाच केंद्राचं दोनदा उद्घाटन केलं. डॉक्टर एकदाही आला नाही. सगळं खरं होतं. म्हणूनच तर मी हसले होते.

पुढच्या तब्लादोकडे जाताना बसमध्ये मी त्याला सांगितलं.

रामिरो खिडकीकडे वळला. रंगवलेल्या चेहऱ्यावर गंभीरपणा फार विचित्र दिसतो.

"काढून टाकतो," तो म्हणाला.

"कशाला?"

"तुझे बाबा आहेत."

"म्हणजे माझे नसते तर ठेवलं असतंस?"

"हो... म्हणजे... नोएलिया, तुला नक्की काय हवंय?"

मला तरी कुठे कळत होतं? त्याने काढावं असंही वाटत होतं, आणि माझ्यासाठी काढलं तर तो मनातून उतरेल असंही. शेवटी दुसरंच काहीतरी तोंडातून गेलं.

"गेल्या जूनमध्ये त्याच केंद्राची तिसरी फीत कापली गेली. डॉक्टर अजूनही नाही. त्यावर ओळ का नाही?"

त्याचा चेहरा उतरला. नवं सरकार डाव्यांचं. तिसरी फीत कापली होती सेन्योरा मिर्ताने. युनियनमधली जुनी नर्स, आता केंद्राची प्रमुख, आणि रामिरोची आई.

"आईचं वेगळं आहे," तो हळूच म्हणाला. "चाळीस वर्षं लोकांसाठी भांडलीय ती. आणि सगळ्यांना सारखंच हसायचं म्हटलं, तर मग कुणाच्याच बाजूने नाही आपण. मला मधोमध उभं राहायचं नाहीये."

"मधोमध राहा असं कोण म्हणतंय? दोन्ही डोळे उघडे ठेव, एवढंच म्हणतेय."

"रंगवताना तूच मिटायला लावतेस."

एरवी मी हसले असते. त्या दिवशी मी पुढच्या बाकावर जाऊन बसले.

घरी बाबांना आधीच कळलेलं होतं. शेजाऱ्यांनी व्हिडिओ दाखवला होता. ते अंगणात माते या कडवट पाल्याच्या चहाचा पेला घेऊन बसले होते, आणि त्यातला पाला कधीच निवून गेला होता.

"तूच रंगवतेस ना त्यांना?" ते म्हणाले.

"हो, बाबा. सोडू का?"

"नको. कामात सफाई आहे तुझ्या." पेला खाली ठेवत म्हणाले, "गाणं चांगलं आहे. दाताचं तर फारच. फक्त... सगळ्यांच्या बरोबर मलाही हसले असते ना, तर मीही हसलो असतो. एकट्यालाच हसले."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी रामिरोला रंगवायला घेतलं. माझं बोट त्याच्या कानाजवळ टेकलं तेव्हा तो डोळे न उघडता म्हणाला, "आज आई येणार आहे बघायला." आणि मग, "आज नवीन कडवं आहे."

मागे उभी राहून मी ऐकलं. पहिल्या दोन फितींवर तब्लादो हसून लोटपोट झाला. मग—

*तिसरी फीत कापली आपल्याच माणसांनी,*
*आम्हीच टाळ्या पिटल्या इथे दोन्ही हातांनी;*
*दात माझा दुखतो तसाच, सांगू कुणाला, आई—*
*रंग बदलला फितीचा, डॉक्टर आला नाही.*

कुणीतरी हसलं, आणि आजूबाजूला बघून गप्प झालं. मागून शिट्ट्या आल्या. एका कोपऱ्यात टाळ्या वाजल्या, पण त्या ज्यांनी वाजवल्या ते आजवर आम्हाला शिव्या देत आले होते, त्यामुळे त्या टाळ्यांनीही बरं वाटेना. दुसऱ्या रांगेतून एक पांढऱ्या केसांची बाई उठली, पर्स खांद्याला लावली आणि सावकाश बाहेर गेली.

खेळ संपल्यावर ताफ्याचा म्होरक्या तितो रागाने लाल झाला होता. "लोकांना कळायला नको, कुणाला हसायचंय? उद्यापासून तिन्ही फिती बाद. ना यांचं, ना त्यांचं."

आणि तसंच झालं. दुसऱ्या दिवशी फितींच्या जागी उन्हाळ्यावर आणि डासांवर एक गाणं आलं. लोकांनी सभ्यपणे टाळ्या वाजवल्या. कुणी उठून गेलं नाही, कुणी हसून वाकलंही नाही.

मी ओल्या कापसाने रामिरोचा चेहरा पुसत होते. एक गाल माणसाचा, एक अजून विदूषकाचा.

"मला वाटलं होतं, ते कडवं गायलं की बरं वाटेल," तो म्हणाला. "नाही वाटलं. आई घरात माझ्याशी बोलत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे... ते खरं होतं म्हणून लिहिलं, की तू रुसलीस म्हणून, हेच मला कळत नाही."

"मी रुसले म्हणून लिहिलं असशील, तर नको मला ते."

"आणि दोन्ही असेल तर?"

मी कापूस पुन्हा भिजवला. त्याने माझं मनगट धरलं, अगदी हलकं.

"माझं प्रेम आहे तुझ्यावर, नोएलिया. एवढं एकच कळतं. बाकी सगळा गोंधळ आहे."

"मला तर..." मी म्हणाले, "मला तर तेवढंही नीट कळत नाहीये. मी तुझ्यावर चिडलेय, की बाबांवर, की स्वतःवर... मी त्या गाण्याला हसले होते, रामिरो. ओळखायच्या आधी."

त्याने मनगट सोडलं. मी दुसरा गाल पुसला आणि घरी आले.

रविवारी दुपारी दारावर टकटक झाली. बाबांनी उघडलं. बाहेर रामिरो, इस्त्रीचा शर्ट, आणि चेहऱ्यावर रंगाचा ठिपका नाही. उन्हात तो वयाने लहान दिसत होता, आणि पुरता घाबरलेला.

"कोण पाहिजे?"

"मी रामिरो. ते फितीचं गाणं... ते मी लिहिलंय."

बाबांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "दोन्ही फिती?"

"तिन्ही."

"तिसरीचं मी ऐकलं नाही. ती मिर्ताची ना? काय म्हणाली ती?"

"काहीच नाही. बोलतच नाही माझ्याशी."

"बोलेल. हट्टी आहे, पण बोलेल." बाबा दारातून बाजूला झाले. "तिसऱ्या उद्घाटनाच्या सकाळी तिने मला फोन केला होता. जुनी ओळख आमची, पण सात वर्षांत पहिलाच फोन. विचारते, वॉशिंग्टन, ती मोठी कात्री कुठे ठेवलीय?"

रामिरोला हसावं की नाही तेच कळेना. त्याने माझ्याकडे पाहिलं. बाबाच आधी हसले—बऱ्याच दिवसांनी, खांदे हलवून—आणि मग आम्ही दोघं.

अंगणात बाबांनी माते भरली आणि पहिला पेला त्याच्या हातात दिला. "चल, म्हण. तिन्ही. ढोल नाही, सांभाळून घेतो."

तो उभा राहून गाऊ लागला. पहिल्या फितीवर बाबांनी मान डोलावली. दुसरीवर डोळे मिटले. मी त्याच्या शेजारी होते. रंगाशिवाय त्याचा आवाजही मला वेगळा वाटला, थोडा कच्चा, घरातला. त्याने कुणाच्या बाजूने असावं, मला ठाऊक नव्हतं. आजही नाही. पण तो माझ्या बाजूला उभा होता, आणि त्याने तिथून हलू नये असं मला वाटत होतं—इतकं, की मी पुढे झुकून त्याच्या कानात म्हणाले,

"माझंही आहे... प्रेम."

"तिसरी फीत कापली..." तो गात होता. "तिसरी फीत... कापली..."

बाबांनी डोळे उघडले. "पुढे?"

रामिरो माझ्याकडे बघत होता. त्याचे कान लाल झाले होते.

"विसरलो," तो म्हणाला.