सातवं मत

औषध तुम्हा प्रयोगशाळावाल्यांकडे होतं, तरी शेवंताला तुम्ही दिलं नाहीत. जगाला वाटलंत. जिच्या रक्तातून ते निघालं, तिला सोडून सगळ्यांना! वर तिला नाव दिलंत विषाणुधात्री, म्हणजे विषाणूला अंगावर वाढवणारी दाई. सत्कारही केलात, तिला कोंडलेल्या खोलीच्या काचेअलीकडून.

काळताप दरवर्षी रूप पालटून येतो. त्याचा विषाणू प्रयोगशाळेच्या बशीत वाढत नाही, उंदरात टिकत नाही. शेवंता डोईफोडेच्या यकृतात मात्र तो मुक्काम ठोकून आहे. मारत नाही, नुसता झिजवतो. आणि पुढच्या साली जगात जे रूप पसरणार, ते तिच्यात आधी उमटतं. सहा देशांच्या प्रयोगशाळा तिचं रक्त वाटून घेतात. कुणी विषाणूचा आकार बघतं, कुणी त्याला जखडणारा रेणू जुळवतं, कुणी तो माणसांवर तपासतं. साथीआधी नवं औषध तयार. ती बरी झाली की हे सगळं बंद.

तिचा नवरा गोरख रसवंती चालवतो. या खेपेला तो डॉ. टिपणीसबाईंसमोर, म्हणजे इथल्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांसमोर, बसलाच नाही.

"बाई, तिला सोडता का नाही?"

"माझ्या एकटीच्या हातात नाही हो. सहा प्रयोगशाळांची मतं लागतात."

"दर खेपेला हेच. नाही म्हणतं कोण? नाव सांगा, त्याच्या दारात जाऊन बसतो."

"मतं गुप्त असतात."

"तुमचं काय होतं?"

"नाही. माझा मुलगा त्या औषधावर जगलाय, गोरखभाऊ."

"वा! आणि माझी बायको कोण, दुभती म्हैस? पिळा रोज!"

"ऐका. यंदा मतं तीन-तीन पडलीत. अशा वेळी सातवं मत घरच्यांचं, असं वरून ठरलंय. तुम्ही हो म्हणा, उद्या तिला औषध सुरू करते."

गोरख हळूच म्हणाला, "आमच्या तनूला मागल्या साली काळताप झाला होता. औषधानं उठली पोर. पुढच्या साली परत झाला तर?"

"नवं औषध नसेल. कुणालाच."

बघा, जबाबदारी वाटत वाटत तुम्ही कुठवर आणलीत. एका रसवाल्यापर्यंत!

गोरख मत देऊन काचेपाशी आला. पलीकडे शेवंता हाडं सावरत उठली. स्पीकरमधून तिचा आवाज आला.

"बाई म्हणाल्या, औंदा तुमच्यावर आहे. मी पिशवीसुद्धा भरली."

तो फरशीकडे बघत होता.

"अहो, इकडं बघा. काय सांगितलंत त्यांना?"