बर्फ मागितला, काच मिळाली

"तुषार, अरे हा काय बर्फ आहे?" शाल्मली बसल्या जागेवरूनच ओरडली. उठायला गेली असती, तर पुन्हा आपटली असती. सगळा उतार काचेसारखा टणक आणि गुळगुळीत झाला होता.

"बर्फच आहे," तुषार शांतपणे म्हणाला. तुषार म्हणजे बुरांशधार या पहाडी गावातल्या स्कीच्या उतारावर पाणी फवारून बर्फ तयार करणारा रोबो (यंत्रमानव). "तुम्ही म्हणालात, बर्फ कर. पाणी गोठलं की बर्फ होतो."

"अरे देवा! सरबतात घालायचा नव्हे रे! आकाशातून पडतो तसला, भुसभुशीत!"

"दोन्हींना तुम्ही बर्फच म्हणता."

आता याच्यापुढे डोकं फोडायचं की काय? बरं, तो बोलत होता त्यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून तर शाल्मलीचा जास्तच संताप झाला.

दुपारी मुलांची स्की स्पर्धा होती, बारा वर्षांच्या आतल्यांची. शाल्मलीला मार्चमध्ये बारावं पूर्ण होणार, म्हणजे ही पहिली आणि शेवटची संधी. नाशिकहून ती वैजूआत्याकडे आली होती ती त्यासाठीच. पूर्वी या उतारावर डिसेंबर सरता सरता गुडघाभर बर्फ साचायचा म्हणे. हल्ली जानेवारी अर्धा उलटला तरी गवत दिसतं, मग यंत्राने बर्फ करावा लागतो. त्यात आता टाकीत एकदाच फवारता येईल एवढं पाणी उरलेलं.

वैजूआत्या हवामानशास्त्रज्ञ, उतारावरच्या बर्फाचं काम तिच्याकडेच. ती धुक्यातून जपून पावलं टाकत वर आली.

"आत्या, तुझा हा तुषार बिघडलाय. काल याच यंत्राने छान बर्फ केला. आज तर कालच्यापेक्षा जास्त थंडी आहे, तरी हा असला!"

"तो नाही बिघडला. काल हवा कशी होती?"

"कशी म्हणजे? कोरडी. माझे ओठ फुटले."

"आणि आज?"

"बघ की, केस ओले झालेत धुक्याने. पण त्याचा काय संबंध? वेळ कुठे आहे कोडी घालायला!"

"वेळ आहे म्हणून घालतेय. नाशिकला उन्हाळ्यात माठातलं पाणी गार कसं होतं?"

"माठ पाझरतो, बाहेरच्या पाण्याची वाफ होते," शाल्मली वैतागून म्हणाली. "वाफ होताना ती उष्णता घेऊन जाते. बाष्पीभवन (पाण्याची वाफ होणं). झालं?"

"आणि पावसाळ्यात?"

"तेव्हा नाही होत गार. हवेतच इतकी वाफ असते की..." शाल्मली थांबली. "थांब, थांब. थेंबाचंही तसंच?"

"तसंच. यंत्रातून बारीक थेंब उडतात. हवा कोरडी असली की थोडं पाणी वाफ होऊन जातं, उरलेला थेंब आणखी गार होतो आणि खाली पडायच्या आत गोठतो. त्या कणांच्या मध्ये हवा राहते, म्हणून तो भुसभुशीत. आज हवेची आर्द्रता (हवेतल्या वाफेचं प्रमाण) भरपूर. थेंब ओलाच खाली आला, पसरला आणि मग गोठला."

"म्हणून काच!"

आत्याने खांबाकडे बोट दाखवलं. तिथे दोन तापमापक होते. एक साधा, दुसऱ्याच्या टोकाला ओलं फडकं बांधलेलं. धुक्यात दोघांचे आकडे सारखेच होते, शून्याच्या जेमतेम खाली.

"फडक्याचा तापमापक वाफ होऊन थेंब किती गार होईल ते सांगतो. आता बोल, पाणी आत्ता सोडू की थांबू? स्पर्धा तुझी आहे."

शाल्मलीला रडू येईल असं वाटलं. थांबलं आणि धुकं हटलंच नाही तर? पण आत्ता सोडलं तर काच ठरलेली. "थांबू," ती कशीबशी म्हणाली.

सकाळ सरत आली तशी पलीकडच्या खिंडीतून कोरडा वारा सुटला. धुकं विरलं. उतार अजून डोंगराच्या सावलीत होता, तरी साध्या तापमापकाचा आकडा शून्याच्या वर चढला. फडक्याचा मात्र शून्याच्या चांगलाच खाली घसरला.

"तुषार, फवार!"

"तापमान शून्याच्या वर आहे. बर्फ होणार नाही."

"अरे बाबा, ओल्या फडक्याचं बघ! थेंबही ओलाच असतो ना!"

तुषारने फडक्याच्या तापमापकाचा आकडा वाचला. मग यंत्र घुरघुरलं आणि पांढरा फवारा उंच उडाला. शाल्मली त्याच्याखाली जाऊन उभी राहिली. बाहीवर भुरभुर पडली. तिने बाही झटकली. भुरभुर उडून गेली, बाही कोरडीच राहिली.

"झाला! आत्या, झाला!"

"पुढच्या वर्षीही ये," आत्या म्हणाली. "थंडी कमी होत चाललीय. फवारायची नेमकी वेळ हेरणारं कुणीतरी लागेलच मला."

"येईन. पण आता सोड मला," असं म्हणत शाल्मलीने पायांत स्की अडकवल्या आणि ताज्या बर्फावरून खाली झेप घेतली.