हुल्दूफॉसच्या वहीतली सही

"उघड ना लवकर! भूक लागलीय मला!" बार्दी ओरडला.

"वही उघडण्याचा आणि तुझ्या भुकेचा काय संबंध?" उन्नूरने विचारलं.

"वहीत नाव लिहिल्याशिवाय डबा उघडायचा नाही, असा नियम तूच केलास ना, शहाणे?"

हेर्दिसने दोघांकडे लक्ष दिलं नाही. दगडांच्या ढिगाऱ्यात बसवलेली पत्र्याची पेटी गंजून घट्ट झाली होती. तिने झाकणाला गुडघा लावून जोर केला आणि ते कर्रकन उघडलं. आत निळ्या पुठ्ठ्याची वही होती आणि दोरीला बांधलेली शिसपेन्सिल.

मोठ्या रस्त्यावरच्या प्रसिद्ध धबधब्यांपाशी जूनमध्ये पाय ठेवायला जागा नसते. बसेस भरभरून माणसं येतात, फोटो काढतात, पळतात. पण हाउदालूरच्या खोऱ्यात एकामागोमाग एक असे चार धबधबे आहेत, प्रत्येकापाशी अशीच पेटी आणि वही आहे, आणि तिकडे गावातल्या लोकांशिवाय कुणी फिरकत नाही. सुट्टी लागली की एक दिवस चारही धबधबे पालथे घालायचे आणि चारही वह्यांत नाव लिहायचं, हा या तिघांचा बेत ठरलेला असे. हेर्दिस तेरा वर्षांची, तिची मैत्रीण उन्नूर बारा, आणि हेर्दिसचा मावसभाऊ बार्दी अकरा. बार्दीच्या आईने सकाळी त्यांना खोऱ्याच्या तोंडाशी सोडलं होतं. दुपारी तीनला गावातलं गायकमंडळ चौथ्या धबधब्यावर गाणार होतं. त्यांच्याबरोबरच तिघांनी परतायचं होतं.

हेर्दिसने या वर्षीचं पान काढलं आणि तिचा हात तिथेच थांबला.

पानावर एकच ओळ होती, मोठ्या छापील अक्षरांत. 'वाट चालून पाहिली. साखळ्या तपासल्या. बिनधास्त जा. केतिल.' खाली तारीख होती, मागच्या मंगळवारची.

"काय झालं गं?" उन्नूरने चष्मा पुसत विचारलं. मग तिनेही ती ओळ वाचली.

केतिल म्हणजे हेर्दिसचे आजोबा, तिच्या वडिलांचे वडील. एकतीस वर्षं दर जूनमध्ये ते हातोडी घेऊन ही वाट चालायचे, लोखंडी खुंट्या ठोकून पाहायचे आणि प्रत्येक वहीत पहिली ओळ लिहायचे. त्यांची सही असली की गावातली आई आपल्या पोराला खुशाल पाठवायची. आजोबा फेब्रुवारीत गेले. हेर्दिसने स्वतः त्यांच्या शवपेटीवर मूठभर माती टाकली होती.

"मागच्या वर्षीची असेल," बार्दी म्हणाला. या वेळी तो ओरडत नव्हता.

"तारीख बघ. या वर्षीची आहे."

"मग... मग चला घरी!"

"घाबरलास?" उन्नूरने डिवचलं.

"मी? छे! पाय गारठलेत माझे, म्हणून म्हटलं."

भीती हेर्दिसलाही वाटली होती, पण भीतीच्या खाली दुसरंच काहीतरी होतं आणि ते तिला कुणालाही सांगायचं नव्हतं. तिने वही मिटली आणि वर जाणाऱ्या वाटेला लागली. धुकं खाली उतरत होतं.

दुसऱ्या धबधब्यावरच्या पेटीत तीच ओळ, तिसऱ्यावरही तीच. एव्हाना धुकं इतकं दाटलं होतं, की दहा पावलांपलीकडची मेंढीही दगडासारखी दिसत होती. तिघांनी एका आडोशाला बसून पाव आणि धुरावलेलं मटण खाल्लं. शेवटी क्लाइनूर निघाले. ते म्हणजे पीळ दिलेले मोठे शंकरपाळेच. एरवी त्यांवरून मारामारी व्हायची, पण आज बार्दीनेही एकच घेतला.

"आजोबा आपल्या पुढे पुढे चाललेत," तो हळूच म्हणाला. "प्रत्येक पेटीपाशी थांबतायत, सही करतायत आणि पुढे जातायत."

"मूर्खासारखं बोलू नकोस," उन्नूर म्हणाली, पण तिने एकदा मागे वळून पाहिलंच.

"तसं असेल तर आपण भराभर चालायला हवं," हेर्दिस म्हणाली आणि उठून चालू लागली. उरलेले दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

चौथा धबधबा, हुल्दूफॉस, आधी ऐकू येतो आणि मग दिसतो. कड्याच्या मागे वळसा घातला की एकदम अंगावर तुषार येतात. पाण्याच्या मागून एक अरुंद कपार जाते. पन्नास पावलं साखळी धरून चाललं की आत मोठी गुहा लागते. गायकमंडळ दर वर्षी तिथे जाऊन गातं. पाण्याच्या पडद्याआड त्यांचा आवाज घुमतो, तेव्हा अंगावर काटा येतो.

पण आज पाण्याच्या आवाजात आणखी एक आवाज होता.

टिंग. मग थोडा वेळ काहीच नाही. मग टिंग-टिंग.

तिघंही जागच्या जागी थिजले. लोखंडावर लोखंड आपटत होतं, आणि पाण्याच्या मागून, जिथे कुणीच असणं शक्य नव्हतं तिथून!

"हातोडी..." बार्दीची बोबडी वळली. "ते खुंट्या ठोकतायत!"

टिंग-टिंग.

"आजोबा!" हेर्दिस जिवाच्या आकांताने ओरडली आणि धावत सुटली.

"हेर्दिस, थांब!"

ती थांबली नाही. आजोबा आहेत, आत आहेत, फक्त पन्नास पावलांवर आहेत, एवढंच तिला कळत होतं. कपारीवर पाय टाकताना तिने साखळी धरली. 'बिनधास्त जा' असं त्यांनीच लिहिलं होतं ना? आजोबांनी न तपासलेल्या वाटेवर कधी सही केली नव्हती. तिने सगळा भार साखळीवर टाकला आणि साखळी तिच्याकडे सुटून आली!

हेर्दिसचा तोल गेला. एक पाय हवेत, खाली उकळल्यासारखं पांढरं पाणी. तेवढ्यात मागून कुणीतरी तिच्या जाकिटाची टोपी धरून असा हिसका दिला, की ती धाडकन पाठीवर आपटली. बार्दी तिच्या शेजारी पडला होता. त्याच्या हातात टोपी होती आणि उन्नूरच्या हातात बार्दीचा पाय.

"आई गं!" बार्दी म्हणाला. "तुझं वजन केवढं आहे!"

कुणालाच हसू आलं नाही. हेर्दिसने मान वर करून पाहिलं. खडकातली पहिलीच खुंटी हिवाळ्यातल्या बर्फाने उपटून काढली होती. साखळीचं सुटलेलं टोक पाण्यात लोंबकळत होतं आणि पाण्याच्या प्रत्येक धक्क्याबरोबर खडकातल्या दुसऱ्या खुंटीवर आपटत होतं. टिंग-टिंग.

आत कुणीही नव्हतं.

हेर्दिस ओल्या दगडावर बसली आणि रडू लागली. उन्नूरने तिला जवळ घेतलं. "लागलं का?" तिने विचारलं. हेर्दिसने नकारार्थी मान हलवली.

बार्दीला मात्र शांत बसणं जमलं नाही. तो पेटीतून वही घेऊन आला. "बघा, इथेही तीच ओळ! आजोबांनी तपासली म्हणे! हे असलं तपासणं?"

"आजोबांना बोलू नकोस!" हेर्दिस उसळून उभी राहिली. "त्यांची सही कधी खोटी नसते!"

"मग ही काय आहे?"

"दे इकडे," उन्नूर म्हणाली. "आपण आलो होतो, हे तर लिहून ठेवू." तिने खिशातलं बॉलपेन काढलं. पण तुषारांनी क्षणात पान ओलं केलं होतं. पेन नुसतंच घसरत राहिलं. तिने जोर केला, तर कागद फाटला.

"अगं, पेन्सिलने लिही की," बार्दी म्हणाला. "म्हणून तर पेटीत पेन्सिल ठेवतात. इथे बॉलपेन चालत नाही, शेंबड्या पोरालाही माहीत आहे."

उन्नूरचा हात थबकला. ती सावकाश त्या पहिल्या ओळीवर वाकली. "हेर्दिस," ती म्हणाली, "ही ओळ बॉलपेनाने लिहिली आहे. आणि बघ, एकही अक्षर तुटलेलं नाही. जुनी पानं बघ, पेन्सिलची आणि पाण्याने सुरकुतलेली."

हेर्दिसने डोळे पुसले. "म्हणजे ही इथे लिहिलेलीच नाही. कुणीतरी घरात बसून लिहिली."

"भूत घरी बसून लिहीत नाही," बार्दीने निर्वाळा दिला. "वह्यांचं काम आता कुणाकडे आहे?"

"गायकमंडळातल्या हयाल्टीकडे," हेर्दिस म्हणाली. तिच्या आजोबांच्या नावावर कुणीतरी पोरंबाळं, म्हातारीकोतारी माणसं त्या कपारीवर पाठवणार होतं. आणि कुणी पडलं असतं, तर गाव काय म्हणालं असतं? केतिलने सही केली होती.

खालून गाण्याचे सूर ऐकू आले. मंडळ येत होतं!

बावीस माणसं धुक्यातून वर आली. सगळ्यात पुढे लालबुंद चेहऱ्याचा, आडवातिडवा हयाल्टी, आणि त्याच्या मागे काठी टेकत रान्नवेग. वय ऐंशी, पण आख्ख्या गावाला लिहायला-वाचायला तिनेच शिकवलेलं.

"पुढे जाऊ नका!" बार्दी हात पसरून आडवा उभा राहिला. "साखळी तुटलीय!"

मंडळींत हशा पिकला. "गेल्या वर्षी याच पोराने खोऱ्यात पांढरं अस्वल आलंय म्हणून आम्हाला पळवलं होतं!" कुणीतरी म्हणालं.

"या वेळी खरं आहे!"

"बाजूला हो रे," हयाल्टी म्हणाला. "सगळं तपासलेलं आहे. वहीत लिहिलंय तसं."

हेर्दिसने वही रान्नवेगच्या हातात दिली. "मोठ्याने वाचाल का?"

रान्नवेगने वाचलं. शेवटच्या शब्दापाशी तिने वही डोळ्यांजवळ नेली. "केतिल... तारीख मागच्या मंगळवारची." तिने मान वर केली. "केतिलला निरोप देताना आपण सगळेच गायलो होतो."

तेवढ्यात पाण्यामागून आवाज आला. टिंग-टिंग.

कुणीतरी टोपी काढली. मागे कुणीतरी हुंदका दिला. "तोच आहे," एक म्हातारा कुजबुजला. "त्याला कुठलं चैन पडायला? बर्फ वितळलं की तो यायचाच!"

"मग आपण जायलाच हवं," दुसरी बाई डोळे पुसत म्हणाली. "त्याने वाट तपासली आहे!"

आणि खरोखरच चार-पाच माणसं पुढे सरकली! हयाल्टीचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता.

ही माणसं हेर्दिससारखीच होती. त्यांनाही आजोबा हवे होते आणि म्हणूनच ती आता मरायला निघाली होती.

"थांबा!" ती सगळ्या जोराने ओरडली. "हयाल्टी, तुमच्या खिशात पेन आहे. त्याने या ओळीखाली तुमचं नाव लिहा. इथे, आत्ता!"

"हा काय पोरकटपणा?"

"लिही की," रान्नवेग म्हणाली. "नाव लिहायला काय जातंय?" ती शाळेत वापरायची तोच हा आवाज होता. हयाल्टीने निमूटपणे वही घेतली.

पेन घसरलं. त्याने ते झटकलं, फुंकलं, पुन्हा टेकवलं. ओल्या कागदावर एक रेघही उमटली नाही.

"इथे बॉलपेन चालत नाही," उन्नूर म्हणाली. "कधीच चालत नाही. मग मंगळवारी इथे आलेल्या केतिलचं कसं चाललं?"

हयाल्टीने पेन खिशात घातलं. मग तो खाली बसला. "मेंढ्या व्यायचे दिवस होते," तो म्हणाला. "तीन आठवडे डोळ्याला डोळा नव्हता. चारही वह्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर घेतल्या आणि मागच्या वर्षीची ओळ समोर ठेवून उतरवून काढली. एकतीस वर्षं तीच ओळ! मी नावसुद्धा उतरवलं आणि माझ्या लक्षातच आलं नाही. मग छोट्या गाडीवरून येऊन वह्या पेट्यांत टाकल्या. आत गेलोच नाही. आता वाचली तेव्हा कळलं."

दोन धट्टीकट्टी माणसं कपारीच्या तोंडापर्यंत सरपटत गेली आणि परत आली तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "सगळे गेलो असतो," त्यांतला एक म्हणाला. "एकामागोमाग एक."

मग एकच गलका झाला. बार्दीची पाठ थोपटून थोपटून लाल झाली. अस्वलाचा गुन्हा माफ झाला. उन्नूरचा चष्मा कुणीतरी स्वतःच्या लोकरीच्या मफलरने पुसून दिला. हयाल्टी हेर्दिससमोर येऊन उभा राहिला. एवढा मोठा माणूस, पण त्याला तिच्याकडे बघवत नव्हतं.

"मी चुकलो, पोरी. उद्याच नवी खुंटी ठोकतो. ही ओळ तू खोडून टाक."

हेर्दिसने पेन्सिल घेतली, पण तिचा हात चालेना. "मला वाटलं होतं, ते खरंच आलेत," ती रान्नवेगला म्हणाली.

"मलाही वाटलं गं, क्षणभर," रान्नवेग म्हणाली. तिचेही डोळे भरून आले होते. "पण ऐक. एकतीस वर्षांत केतिलच्या सहीवर विसंबून कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही. आज लागला असता. तू लागू दिला नाहीस."

हेर्दिसने आजोबांच्या नावावर एक सरळ रेघ मारली. मग ओल्या कागदावर, मोठ्या छापील अक्षरांत तिने लिहिलं, 'वाट बंद आहे. साखळी निखळली आहे. मी स्वतः पाहिलं.' आणि खाली आपलं नाव घातलं.

बावीस माणसांनी ती ओळ वाचली आणि त्यांतलं एकही पुढे गेलं नाही.