फिरकी कोण धरणार

"माझा पिवळा पतंग कोणी कापला?"

जिन्यातून वर आलेल्या त्या मुलाच्या आवाजात राग नव्हता, उलट कौतुकच होतं. अहमदाबादेतल्या आमच्या खाडियाच्या गच्चीवर सगळ्यांनी पारसकडे बोट दाखवलं. काळा गॉगल, गळ्यात पिपाणी, कोपऱ्यात स्वतःचा स्पीकर… उत्तरायणाचं, म्हणजे संक्रांतीचं, निमित्त साधून पारस आईवडिलांसह मला बघायला आला होता. "मीच," तो म्हणाला.

खरं तर कापला होता मी. मम्मीनं बजावल्यामुळे सकाळपासून निमूट पारसच्या मांज्याची फिरकी धरली होती. त्याचे पतंग एकामागून एक जात होते. दोष कधी वाऱ्याचा, कधी मांज्याचा, शेवटी माझा. तो उंधियू खायला बसला, तेवढ्यात मी डोर हातात घेतली आणि पलीकडच्या गल्लीतला पिवळा कापला. पतंग कापल्याची पिपाणी मात्र परत येऊन त्यानं फुंकली.

निकुंज, म्हणजे तो पिवळ्याचा मालक, पारसच्या कोऱ्या बोटांकडे बघून हसला. मग माझ्याकडे वळला. माझ्या तर्जनीवर मांज्याची ताजी चीर होती. मी हात ओढणीत लपवला… पण उशीर झाला होता.

"आणखी एक पेच होऊ द्या," तो मला म्हणाला. "फिरकी मी धरतो."

आमच्याकडे फिरकी धरते ती बहीण, नाहीतर बायको. शेजारच्या हंसाकाकींच्या हातातली चिक्की हातातच राहिली.

"पुरुष असून पोरीची फिरकी धरणार?" पारसनं विचारलं.

"धरता येते मला," निकुंज म्हणाला, आणि बाह्या सरसावून माझ्या मागे येऊन उभा राहिला.

तो मला तिथंच आवडला, खोटं कशाला बोलू?

मम्मी डोळे वटारत होती. पण माझा हात मला ठाऊक होता. मी पतंग चढवला. पारस इरेला पेटून पाण्याच्या टाकीवर चढला आणि तिथून ओरडत, खेचत आपला लाल भिडवला. मी नुसती ढील देत राहिले. मागून दोरा हवा तेवढाच सुटत होता, सांगावंसुद्धा लागलं नाही… आणि लाल पतंग गोते खात देवळामागे गेला.

"मांजाच कच्चा होता," टाकीवरून आवाज आला. कोणी लक्ष दिलं नाही.

"कापला म्हणून ओरडणार नाही?" निकुंजनं हळूच विचारलं.

"कशाला? सगळ्यांनी पाहिलंय."

"मी तर जरा जास्तच जवळून पाहिलं…"

माझे कान तापले. "तुझी फिरकी कोण धरतं?"

"बहीण धरायची. सासरी गेली."

"मग उद्या वासी उत्तरायणाला मी येते."

मम्मी तरातरा जवळ आली. "तोरल, पारसच्या घरच्यांना काय सांगू मी आता?"

"सांग, लाल मी कापला. सकाळचा पिवळाही मीच कापला. आणि लग्न करीन तर माझी फिरकी धरणाऱ्याशी."

मम्मीनं माझ्या चिरलेल्या बोटाकडे पाहिलं, मग निकुंजकडे. टाकीवरून उतरणाऱ्या पारसच्या गळ्यातली पिपाणी तिनं काढून घेतली, आणि अख्ख्या खाडियाला ऐकू जाईल अशी वाजवली.